बिनशेपटीचा तेरडा

"रंग सांग."

"गुलाबी."

"त्याच्या मागचा?"

"गुलाबी, सर."

"वरच्या कपारीत?"

"गुलाबी! इथून तिथून सगळा कडा गुलाबी आहे. किती वेळा सांगू?"

माणकीच्या कड्याखाली आम्ही दोघं कारवीची खोडं धरून उभे होतो. वरून पाण्याच्या धारा, समोर धुकं, आणि पायाखाली शेवाळलेला खडक. खांबेटे सरांच्या कमरेला मी दोर बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला. मी घसरले असते तर सर मला काय सावरणार होते, ते एक माणकीलाच ठाऊक. पण त्यांना कड्याखाली एकटं सोडायचं कसं? दहा हातांपलीकडचं त्यांना दिसत नव्हतं आणि दहा हातांच्या आतलंही धड दिसत नव्हतं.

साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी आषाढातच सांगून टाकलं होतं, "दिवाळीचे दिवे दिसतील. पुढचं मी सांगत नाही." म्हणजे उरला हा एकच भादवा. आम्ही शोधत होतो ते फूल भादव्यातच येतं आणि पंधरा दिवसांत संपतं.

फूल म्हणजे तेरडा. हसू नका. साधा तेरडा सगळ्यांच्या परसात असतो. त्याच्या फुलाच्या मागे एक बारीक वाकडी शेपूट असते. सरांनी तरुणपणी, पंचावन्न साली, या कड्याखाली एक पांढरा तेरडा पाहिला होता, आणि त्याला शेपूट नव्हती. त्यांनी त्याचं चित्र काढलं, झाड कागदात दाबून वाळवलं, नवी जात म्हणून जगाला कळवलं. चार वर्षं कौतुक झालं. मग कॉलेजचं छप्पर गळलं, ते एकुलतं एक वाळवलेलं झाड बुरशीनं गेलं, आणि एका बड्या पंडितानं लिहिलं की ही नवी जात वगैरे काही नाही, साध्या तेरड्याचं एक व्यंग आलेलं झाड खांबेट्यांनी पाहिलं असणार. यादीतून नाव खोडलं गेलं.

आमच्या स्टाफरूममध्ये म्हणत, "खांबेट्यांचा तेरडा, रंग तीन दिवस." तोंडावर म्हणत. सरही हसत. आणि दरवर्षी रजा टाकून माणकीला येत. एकतीस वर्षं!

खरं सांगायचं तर माझाही त्या फुलावर विश्वास नव्हता. माझा विश्वास माणसावर होता. पाच वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम करत होते. मला आई-वडील नव्हते. मामांकडे वाढले होते मी, आणि 'जेवलीस का, जठार?' असं रोज विचारणारा जगात तो एकच माणूस होता. त्याचे डोळे जायच्या आत ते फूल त्याच्या हातात द्यायचं, बस्स. ते असलं नसलं तरी. इतकी मी वेडी झाले होते.

त्या दिवशी दुपारी सर घसरले. दोर ताणला गेला, मी कारवीला मिठी मारली म्हणून दोघं वाचलो. त्यांचा गुडघा सोलवटून निघाला. चिखलात बसून ते म्हणाले, "जठार, अजून ती पलीकडची घळ राहिली."

"उद्या बघू."

"उद्या दिसेल का मला?"

मी त्यांना ओढतच खाली आणलं. त्यातच मला पाळी आली, अशी ऐन कड्याखाली. माझ्या नशिबाची वेळ साधण्याची कला अशी आहे.

आमचा मुक्काम उंबरवाडीत तान्हूबाई उतेकरांकडे असे. विधवा बाई, पन्नाशीची, हाडानं काटक आणि जिभेनं तिखट. सर एकतीस वर्षं याच घरी उतरत. गावात त्यांना गुर्जी म्हणत आणि ते औषधाचा पाला शोधतात असा सगळ्यांचा समज होता. तो समज सरांनीच करून दिलेला. आयुष्यात त्यांनी खोटं बोललेलं मला ठाऊक होतं ते एवढंच. फुलांच्या शोधातल्या माणसांना ही खोडच असते. जागेचा पत्ता फुटला की दुसरा कुणीतरी गोणी घेऊन येतो, म्हणून गावातसुद्धा बोलायचं नाही. दरवर्षी ते अनंत चतुर्दशीनंतर येत, कारण घरी दहा दिवसांचा गणपती. या वर्षी मात्र गणपती भावावर सोपवून आधीच आले होते.

मी मागच्या दारानं तान्हूबाईंना हाक मारून कोरडं कापड मागितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बया! आन् आजच गवर आलीया घरात!"

"मग?"

"मग काय? पडवीत बसा. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नगा. जेवान भाईर दीन."

मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. आमच्या मामीनं यापेक्षा जास्त छळलं होतं. तान्हूबाईंचं जुनं लुगडं गुंडाळून मी पडवीच्या एका कोपऱ्यात बसले, दुसऱ्या कोपऱ्यात सर गुडघ्याला हळद लावून बसले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. आत बायकांची गडबड चालली होती. तान्हूबाईंची नवी सून रंजना, तिची ही पहिलीच गौर, आणि सासू तिला हुकूम सोडत होती.

"नथ थोरलीला घाल गं, धाकटीला नगं! थोरली कंची ते पन ठावं न्हाई व्हय तुला? पांढरी ती थोरली, तांबडी ती धाकटी!"

माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी खाली ठेवली.

त्या भागात गौर म्हणजे मातीची मूर्ती नव्हे. तेरड्याची झाडं मुळासकट उपटून आणतात, त्यांची जुडी बांधून वर मुखवटा लावतात, लुगडं नेसवतात. हे मला ठाऊक होतं. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण पांढरी?

"तान्हूबाई," मी ओरडले, "पांढरी म्हणजे काय? कसली पांढरी?"

त्या दारात आल्या. "पांढरा तेरडा हो. आमची थोरली पांढऱ्याचीच असती. सासूच्या सासूपास्नं."

"कुठून आणता?"

"गौरीच्या टाक्यावरनं. कड्याच्या पोटात पानी हाय तितनं."

"मग आम्हाला कसं दिसलं नाही कधी?"

"तुमी गुर्जींसंगं फिरता न्हवं? बाप्या मानूस जात न्हाई तकडं. बायांचीच वाट हाय ती."

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या कपातला चहा धोतरावर सांडत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथं एकतीस वर्षांचा वळसा! ज्या घरात हा माणूस जेवला, झोपला, त्याच घरात दर भादव्यात ते फूल लुगडं नेसून उभं राहत होतं, आणि गुर्जी यायच्या चार दिवस आधी पाण्यात जात होतं. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, बाई, मी पांढरा तेरडा शोधतोय!

"त्याच्या फुलाला मागे शेपूट आहे का?" मी विचारलं.

"फुलाला कुटं शेपूट असतंय व्हय, बाई?"

मी उठले आणि उंबऱ्याशी गेले. तान्हूबाईंनी दोन्ही हात चौकटीला लावले.

"तुमी न्हाई."

"मी हात लावत नाही. लांबून बघते फक्त."

"न्हाई."

"तान्हूबाई, या माणसाचे डोळे चाललेत. एकतीस वर्षं शोधतायत ते. मी हात जोडते तुमच्यापुढं."

"जोडू नगा. लेक हाय ती, वर्सातनं एकडाव म्हायेरी येती. तुमचं आज चालायचं न्हाई."

"चालतं की नाही हे तुम्ही कोण ठरवणार?"

"म्या कशाला ठरवू? माज्या सासूनं ठरवलं. ती वर गेली, तिला जाऊन इचारा."

"मग एक फूल बाहेर आणून द्या. एकच."

"गवर जाईस्तोवर तिचं पान भाईर येत न्हाई. लेकीचा हात तोडून दिऊ का तुमास्नी?"

माझ्या अंगाची आग झाली. डोळे असलेली मी, आणि मला आत जायची बंदी. आधी खोटं बोलले असते तर? पण कापड मीच मागितलं होतं, आता लपवणार काय? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"मी जातो," मागून सर म्हणाले.

"तुम्हाला दिसणार नाही, सर!"

"बोटं आहेत ना अजून." ते भिंतीच्या आधारानं उठले. "तान्हूबाई, मी हात लावला तर चालेल का?"

तान्हूबाईंनी चौकटीवरचे हात काढले. "तुमचं चालंल. बापावानी हायसा. बाप फिरवतोच की लेकीच्या तोंडावरनं हात."

सर आत गेले. मी पडवीत राहिले.

त्या दहा-पंधरा मिनिटांत मी काय केलं ते आज पहिल्यांदाच सांगतेय. मी झाडं दाबायच्या फळ्या सोडल्या, पट्टे मोकळे केले, आणि वर्तमानपत्राचे कोरडे कागद एकावर एक मांडले. एक फूल मिळून भागणार नव्हतं. एकच झाड म्हणजे पुन्हा व्यंग म्हणणार तो पंडित. झाडं पाहिजेत, जेवढी असतील तेवढी, मुळासकट, शेंगांसकट. पहाटे बायका पाण्याला गेल्या की आत शिरायचं, लुगडं बाजूला करायचं आणि थोरलीला उचलायचं. पाप लागायचं तर लागू दे. गाव मागे लागला तर लागू दे. कड्यावरून पळताना पाय मोडला तरी चालेल, पण झाडं पुण्याला पोचली पाहिजेत. सगळं ठरवलं मी. इतकं शांतपणे कुठलीच गोष्ट मी आयुष्यात ठरवली नाही.

आत आधी काही ऐकू येईना. मग सरांचा हलका आवाज, मग तान्हूबाईंचा, आणि पुन्हा सरांचा. शब्द कळत नव्हते. मला राहवेना.

"सर! शेपूट आहे का?"

आतली कुजबूज चालूच होती.

"सर, मागून बोट फिरवा! शेपूट आहे का नाही?"

मग आतून सरांचा आवाज आला.

"आहे."

"काय?"

"शेपूट आहे, जठार. चांगली बोटभर. साधाच तेरडा आहे, पांढरा. होतो कधी कधी."

ते बाहेर आले. येताना त्यांचा पाय माझ्या फळ्यांना लागला. खाली वाकून त्यांनी चाचपून पाहिलं.

"हे काय उघडून ठेवलंयस?"

"कागद वाळवतेय."

"बांधून ठेव," ते म्हणाले. "उद्या सकाळी निघू आपण."

"आणि पलीकडची घळ?"

"नको आता."

मी विचारू शकले असते की दोन दिवस थांबून गौर पाण्यात जाताना मला स्वतःला बघू द्या. पण कशाला? शेकडो तेरडे त्या बोटांनी उघडून पाहिले होते. त्या बोटांची चूक होईल असं मनातही आलं नाही. आणि सर माझ्याशी खोटं बोलतील, हे तर सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी उतरताना माझा तोल सुटला. पायाचा नव्हे, जिभेचा. आशा होती तोवर मी त्यांची काठी होते. आशा गेली आणि पाच वर्षांचं सगळं एकदम वर आलं.

"माझ्याबरोबरच्या मुलींच्या डॉक्टरेट झाल्या, सर. मी काय केलं? तुमच्यासाठी तेरड्याचे रंग मोजले!"

"हो."

"एक व्यंगाचं झाड बघितलंत आणि त्याच्यापायी स्वतःचं आयुष्य घालवलंत, माझंही घालवलंत."

"चूक झाली माझी."

"लोक हसतात ते उगाच नाही हसत!"

हे मी म्हटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून, पायाखालचा दगड चाचपत उतरणाऱ्या आंधळ्या होत चाललेल्या माणसाला म्हटलं. त्यांनी हात काढून घेतला नाही. काढून कुठं ठेवणार होते?

खाली फाट्यावर एसटीला दोन तास होते. टपरीच्या बाकावर बसून सरांनी मला कागद काढायला सांगितला आणि एक टिपण लिहून घेतलं. 'पंचावन्न साली मी नवी जात म्हणून वर्णन केलेला तेरडा हा साध्या तेरड्याचाच प्रकार होता. माझी निरीक्षणात चूक झाली. माणकीच्या डोंगरात या शोधासाठी कुणी श्रम घेऊ नयेत.' मी लिहिलं, आणि रागाच्या भरात 'चूक झाली' याच्या आधी 'निःसंशय' हा शब्द माझ्या पदरचा घातला. वाचून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "निःसंशय चांगलं आहे. राहू दे."

ते छापून आलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले कुणीतरी, थट्टा म्हणून. दिवाळीचे दिवे सरांना दिसले, पण संक्रांतीला तिळगूळ हातात ठेवला तर "कोण?" म्हणाले. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. आधी मी आठवड्याला जात असे, मग महिन्याला, मग दिवाळी-पाडव्याला. दुसरा विषय घेऊन माझी डॉक्टरेट झाली, नोकरी लागली. ते शेवटचे आजारी होते तेव्हा मी पेपर तपासत होते. जाऊ उद्या, जाऊ उद्या करता करता तार आली.

गेल्या भादव्यात मी उंबरवाडीला गेले. का गेले, सांगता येत नाही. पेन्शनीत निघाल्यावर माणसाला नको त्या वाटा आठवतात. आता वर डांबरी रस्ता आहे. तान्हूबाई जाऊन पंधरा वर्षं झाली. रंजनाच आता घरातली मोठी, तिच्याच हाताखाली दोन सुना. तिनं मला पाहिल्याबरोबर ओळखलं.

"गुर्जींच्या बाई! या, या. बरी आजच आलात, गवर बसलीया. आत या की."

"आता आत चालते ना?" मी म्हटलं. "आता मला अडवायला काही उरलं नाही."

ती खळखळून हसली.

आतल्या खोलीत दोघी उभ्या होत्या. थोरली, धाकटी. थोरलीच्या मुखवट्यामागून पांढऱ्या फुलांचा झुबका वर आला होता. मी जवळ जाऊन बसले. चष्मा लावला. हात जोडले, म्हणजे जोडायला पाहिजेत म्हणून जोडले, आणि मग एका फुलाच्या मागे बोट नेलं.

शेपूट नव्हती.

दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. मागे नुसतं गोल आणि गुळगुळीत. एकालाही नाही! मी झुबक्यात दोन्ही हात घातले, तशी रंजनानं येऊन ते धरले.

"रंजना, ही फुलं कुठली?"

"टाक्यावरचीच की. दुसरीकडं कुटं मिळत्यात?"

"त्या वर्षीही हीच होती? गुरुजी आत आले तेव्हा?"

"हीच." ती माझ्या शेजारी बसली. "मीच दिवा धरला हुता त्यांच्यापुढं. फुलाला हात लावला आन् रडाया लागले बगा. आवाज न्हाई, काय न्हाई, नुसतं पानी. मग सासूबाईंना इचारलं, किती झाडं हायत टाक्यावर? सासूबाई म्हनल्या, आधी टोपलीभर यायची, आवंदा सातच घावली, सगळी आनली. मग इचारलं, गवर गेल्यावर काय करता? म्हनलं, परत टाक्यावरच सोडतो, तिथंच बी पडतं, पुढल्या वर्सी उगवतं. तर म्हनाले, हितनं पुढं दोन झाडं उपटू नगा, टाक्यावरच ठिवा. आन् कुनालाबी सांगू नगा, ह्ये फूल हितं हाय म्हनून. कोन पुस्तकवाला आला तरी सांगू नगा."

"आणि मग मला शेपूट आहे म्हणून ओरडून सांगितलं."

"व्हय. सासूबाईंना ते पटलं न्हाई. म्हनल्या, गुर्जी, पोरगी तुमच्यासाठी जीव टाकती, तिला तरी खरं सांगा की."

"मग?"

रंजना समईची वात सारखी करत राहिली.

"सांग गं."

"म्हनाले, जीव टाकती म्हनूनच नगं. तिला कळलं तर सकाळपतुर एकबी ठिवायची न्हाई, माझ्यासाठी सगळी घिऊन जाईल." तिनं माझ्याकडं पाहिलं. "मला तवाबी वाईट वाटलं हुतं बाई, तुमच्याबद्दल आसं बोलले म्हनून. कायतरीच बोलले न्हवं का गुर्जी?"

"नाही गं," मी म्हटलं. "सातच्या सात नेली असती."